अठ्ठावीस टक्क्यांचे बिल

माझ्या कपाटात ‘वाहन’ असे लिहिलेली एक जाड फाईल आहे. तिच्यात सर्वांत वर १५ सप्टेंबर २०२५ या तारखेचे टायरचे बिल लावलेले आहे. चार टायर, प्रत्येकी किंमत ७,००० रुपये, त्यावर जीएसटी २८ टक्के, एकूण ३५,८४० रुपये. तारीख आणि टक्केवारी शेजारी शेजारी वाचली की आपल्यातील व्यापारी वाचकांच्या लक्षात ताबडतोब येईल की येथे काहीतरी चुकले आहे. ३ सप्टेंबरच्या बैठकीत जीएसटी परिषदेने टायरवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आणला होता आणि नवा दर २२ सप्टेंबरपासून लागू व्हायचा होता. म्हणजे एक आठवडा दम धरला असता तर टायरमागे सातशे, चारींचे मिळून २,८०० रुपये वाचले असते. गाडी घरची, त्यामुळे भरलेल्या कराचे क्रेडिट मिळण्याचाही प्रश्न नव्हता. छत्तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाने असा व्यवहार केलाच कसा, असे धाकट्या भावाने मला विचारले. त्याला जे सांगितले तेच येथे थोडे विस्ताराने लिहितो. आपल्या घराघरांत आता विजेवरच्या गाड्या आल्या आहेत. त्यांच्या बॅटरीबद्दल सगळे बोलतात, टायरबद्दल मात्र कोणी बोलत नाही.

आमची गाडी २०२१ सालची, निवृत्तीच्या पैशांतून घेतलेली. विजेच्या गाडीवर कर पाच टक्केच होता, याचे मला त्या वेळी मोठे कौतुक वाटले होते. गाडीवर पाच आणि तिच्या चाकांवर अठ्ठावीस, ही गंमत तेव्हा ध्यानात आली नाही. कारण चाके गाडीबरोबरच आली होती.

गाडी आली त्या दिवसापासून मी एक वही ठेवली. किती युनिट वीज भरली, किती किलोमीटर चाललो, दर किलोमीटरला किती खर्च आला. जुन्या पेट्रोलच्या गाडीला किलोमीटरला सात रुपये लागत. ही गाडी एका युनिटला सात किलोमीटर जाई, म्हणजे घरच्या मीटरवर साधारण सव्वा रुपया. पहिली दोन वर्षे जो भेटेल त्याला मी हा हिशेब ऐकवीत असे. भावाने माझ्या शब्दावर तशीच गाडी घेतली. शेजारच्या दोघांनी घेतली. हळूहळू त्या वहीतला एक आकडा माझ्या मनात घर करून बसला. सातचे सात पूर्णांक एक झाले की मला आनंद होई. सहा पूर्णांक आठ झाले की मी एसी बंद करी, आणि मागे बसलेल्या नातवंडांना घाम फुटे. सांगलीहून पुणे सव्वादोनशे किलोमीटरच्या थोडे पुढे. ते अंतर एका चार्जमध्ये, साताऱ्याला न थांबता गाठायचे, अशी एक हौसही मनात होती. ती कधी पुरी झाली नाही, पण हौस होती हे कबूल केले पाहिजे.

या आकड्याचा आणि टायरचा संबंध मला फार उशिरा कळला. टायर जेथे रस्त्याला टेकतो तेथे तो दबतो आणि पुढे सरकताच पुन्हा पूर्ववत होतो. या दबण्या-सुटण्यात काही ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. विजेच्या गाडीची विक्री पल्ल्याच्या आकड्यावर होते, म्हणून कारखान्यातून बाहेर पडताना तिला बहुधा असे टायर लावलेले असतात की ज्यांत ही गळती कमी. आणि टायर झिजत गेला, त्याच्या नक्षीची खोली कमी झाली, की हलणारे रबरच कमी उरते, त्यामुळे गळती आणखी घटते. म्हणजे माझा टायर जसजसा निकामी होत होता तसतसा माझ्या वहीतला आकडा सुधारत होता. त्या सुधारणेचे श्रेय मी स्वतःच्या गाडी चालवण्याच्या कौशल्याला देत होतो.

विजेची गाडी टायर लवकर खाते, यात गूढ काही नाही. बॅटरीमुळे आमची गाडी तिच्या पेट्रोलवाल्या भावंडापेक्षा सुमारे दीडशे किलोंनी जड आहे. विजेची मोटर पाय ठेवताक्षणी सगळा जोर चाकांवर टाकते. पाय उचलला की तीच मोटर उलट काम करून वीज परत बॅटरीत भरते आणि गाडीला रोखते. हे ओढणे आणि रोखणे दोन्ही आमच्या गाडीत पुढच्याच चाकांना करावे लागते, शिवाय वळायचेही त्यांनीच. म्हणून पुढचे टायर मागच्यांच्या कितीतरी आधी झिजतात. दर आठ-दहा हजार किलोमीटरला पुढची चाके मागे आणि मागची पुढे केली तर चारही सारखे चालतात, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. पेट्रोलची गाडी होती तेव्हा तेल बदलायला जावे लागे. मिस्त्री गाडी वर घेई, चाकांवरून हात फिरवी आणि म्हणे, ‘साहेब, रोटेशन करून टाकू.’ या गाडीत तेलच नाही. तेल नाही म्हणून मिस्त्रीकडे जाणे नाही, आणि मिस्त्री नाही म्हणून टायरवरून हात फिरवणारा कोणी नाही. खर्च वाचला या समाधानात मी अडतीस हजार किलोमीटर काढले.

येथे मला माझ्या नोकरीची एक आठवण सांगितली पाहिजे, कारण ती आठवून मला अधिक लाज वाटते. बँकेत नवा असताना वाहनतारण कर्जांच्या तपासणीचे काम माझ्याकडे आले. ट्रक कोठे उभा आहे ते शोधून काढायचे, नंबर ताडून पाहायचा, विमा आणि परमिट तपासायचे. पहिल्याच ट्रकचे बॉनेट उघडायला लावून मी इंजिनात डोकावत राहिलो. मला त्यातले ओ की ठो कळत नव्हते. आमचे शाखाधिकारी गप्प उभे होते. परत येताना ते म्हणाले, ‘इंजिन कशाला बघता? टायर बघा. धंदा बरा चालला असेल तर टायर वेळेवर बदललेले असतात. हात आखडला की माणूस पहिल्यांदा टायर पुढे ढकलतो.’ पुढे कित्येक वर्षे मी तसेच केले. गोटा झालेले टायर दिसले की त्या खात्यावर पेन्सिलीने खूण करी. बहुतेक वेळा दोन-तीन हप्त्यांनंतर ती खूण खरी ठरे. दुसऱ्यांच्या टायरवरून दुसऱ्यांची पत ठरवणारा मी, माझ्या दारात उभ्या गाडीच्या पुढच्या चाकांकडे वाकून पाहत नव्हतो.

पाहिलेच नाही असेही नाही. ऑगस्टमध्ये गाडी धुताना पाहिले. टायरच्या मुख्य खाचांत तळाशी रबराचे छोटे आडवे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्या उंचवट्यांच्या पातळीला आली की १.६ मिलिमीटर उरले असे समजायचे. कायद्याची मर्यादाही तीच. ओल्या रस्त्यावरची पकड मात्र त्याच्या बऱ्याच आधी, तीन मिलिमीटरच्या आसपासच, उतरू लागते. माझ्या पुढच्या टायरच्या बाहेरच्या कडेला उंचवटा आणि नक्षी यांत बोट अडकत नव्हते. मी भावाच्या दुकानी हा विषय काढला. त्याची मार्केट यार्डात हळदीची अडत आहे, बाजाराची नाडी त्याला बरोबर कळते. तो म्हणाला, ‘अण्णा, आत्ता घेऊ नका. पंधरा ऑगस्टच्या भाषणात दिवाळीपर्यंत जीएसटी कमी करणार म्हणून सांगितलंय. अठ्ठावीसवाले बरेच माल अठरात येतील असं दिसतंय.’ मला हे पटले. खरे म्हणजे मला पटायचेच होते. ३ सप्टेंबरला निर्णय आला तेव्हा आपण थांबलो ते किती योग्य झाले, असे मी जेवताना पत्नीला सांगितलेही. आता फक्त एकोणीस दिवस.

त्यांतील अकराव्या दिवशी, रविवार, १४ सप्टेंबरला आम्ही पुण्याहून परत येत होतो. मी, पत्नी, सूनबाई आणि दोन नातवंडे. कऱ्हाड सोडले तेव्हा आभाळ भरले होते आणि कासेगावच्या अलीकडे सर आली. मोठा पाऊस नव्हता. महामार्गाच्या रुंदीकरणाचे काम चालू असल्याने वाहतूक जागोजागी बाजूच्या रस्त्यावर वळवलेली होती आणि अशाच एका वळणानंतरच्या सखल भागात पाणी साचले होते. गाडीचा वेग पंच्याहत्तरच्या आसपास असेल. पाणी दिसताच मी, नेहमीच्या सवयीने, पाय उचलला. या गाडीत पाय उचलणे म्हणजे पुढच्या चाकांना रोखणे, हे त्या क्षणी डोक्यात नव्हते.

हातातले स्टिअरिंग एकाएकी हलके झाले. एवढे हलके की लहान मुलांच्या खेळण्यातले चाक फिरवावे. मी डावीकडे वळवले आणि गाडी सरळच जात राहिली, समोरच्या पिंपांच्या रांगेकडे. खाचांना पाणी बाहेर फेकता आले नाही की टायर पाण्याच्या थरावर तरंगतो, हे मी नंतर वाचले. तेव्हा फक्त एवढे कळले की गाडी माझी राहिलेली नाही. दोन सेकंद असतील, किंवा त्याहूनही कमी. मग चाकांना रस्ता सापडला, गाडीने डावीकडे झटका घेतला आणि उजवीकडचे पहिले पिंप आरशाला लागता लागता राहिले. मागे नातवाच्या हातातला डबा खाली पडून चुरमुरे सगळीकडे पसरले आणि दोघे भावंडे हसू लागली. पत्नीने विचारले, ‘अहो, काय झालं?’ मी म्हणालो, ‘काही नाही. पाणी होतं रस्त्यावर.’

पेठ नाक्यापासून सांगलीपर्यंत मी चाळीसच्या वर गेलो नाही. कोणी कारण विचारले नाही. सूनबाई आरशातून माझ्याकडे पाहत होती, असे मला वाटत राहिले.

रात्री सगळे झोपल्यावर मी विजेरी घेऊन खाली गेलो आणि प्रथमच स्टिअरिंग पूर्ण वळवून पुढची चाके नीट पाहिली. बाहेरची कडा उंचवट्याच्या पातळीला होती हे ठाऊक होते. आतली कडा, जी उभ्याने कधी दिसत नाही, ती हाताला साफ गुळगुळीत लागली. अलाइनमेंटही बिघडलेले होते. वर आलो तर पत्नी जागी. तिला मी सगळे सांगितले. ऑगस्टपासूनचे, एकोणीस दिवसांचे आणि २,८०० रुपयांचेही. मी पाण्यावर ढकलले होते तेही सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘उद्या दुकान उघडायच्या आधी जाऊन उभे राहा.’

तसाच जाऊन उभा राहिलो. टायरचा दुकानदार भला माणूस. गाडी पाहून तो स्वतःहून म्हणाला, ‘साहेब, आठ दिवस थांबा की. आत्ता घेतलेत तर मलाच वाईट वाटेल.’ मी म्हणालो, आजच. त्याने मग ‘दोनच पुढचे टाका, मागचे अर्धे आहेत’ असे सुचवले. हा सल्ला पैशाच्या दृष्टीने चुकीचा नव्हता. पण दोनच घ्यायचे तर नवे मागे लावायचे आणि अर्धे झिजलेले पुढे आणायचे, असे टायरचे जाणकार सांगतात. मागची चाके घसरली तर गाडी गोल फिरते आणि ती आवरणे माझ्यासारख्याच्या हातचे नाही. दुकानदाराचा आग्रह नवे पुढे लावण्याचा. शेवटी मी चारही घेतले. जुन्यांतला बरा एक स्टेपनीला ठेवला आणि दुसरा त्याने किरकोळ भावात घेतला.

निवडताना मात्र घाई केली नाही. आमच्या टायरचे माप २१५/६० आर १६ आणि पुढे ९५ एच. दुकानातल्या पोराने २०५ चा टायर पुढे केला, ‘ॲव्हरेज वाढेल’ म्हणाला. त्यावर ९२ लिहिलेले. ९५ म्हणजे एका टायरची वजन पेलण्याची क्षमता ६९० किलो, ९२ म्हणजे ६३०. चार टायरांचे मिळून २४० किलो कमी, तेही मुळात जड असलेल्या गाडीला. एक महिन्यापूर्वी ‘ॲव्हरेज वाढेल’ या दोन शब्दांवर मी कदाचित विरघळलो असतो. विजेच्या गाड्यांसाठी म्हणून खास काढलेले टायरही होते. आवाज कमी व्हावा म्हणून काहींच्या आत फोमचा थर असतो, किंमत त्या मानाने चढी. कारखान्यातून आलेल्या जातीचेच पुन्हा घ्यावेत, हाही मार्ग होता, आणि पल्ला जपायचा तर तोच सरळ. मी पावसात चांगली पकड देणारे, त्याच मापाचे, त्याच भारक्षमतेचे साधे टायर घेतले.

टायरच्या बाजूवर अंकांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. तीन टायरांवर १८२५ होते, म्हणजे २०२५ सालचा अठरावा आठवडा. चौथ्यावर १०२३. बँकेत प्रत्येक कागदाची तारीख पाहण्याची सवय अंगात मुरलेली आहे, ती येथे उपयोगी पडली. दुकानदाराने मुकाट्याने आतून दुसरा आणला.

एकदा मात्र मला ओरडावे लागले. पोराने जॅक गाडीच्या पोटाखाली मधोमध सरकवला. तेथे बॅटरी आहे. कडेला जॅकसाठी ठरवून दिलेल्या जागा असतात, त्या मी त्याला दाखवल्या. तो बिचारा वरमला. त्याच्याकडे येणाऱ्या दहा गाड्यांत विजेची एखादीच असणार. हवा भरतानाही ‘सगळ्यांना तीसच भरतो’ म्हणाला, तेव्हा दाराच्या खांबावरची पट्टी वाचून त्याप्रमाणे भरून घेतली. निघताना दुकानदाराने बजावले की नवे रबर बुळबुळीत असते, पहिले शे-दोनशे किलोमीटर जपून चालवा.

संध्याकाळी मी विजेरी घेऊन भावाच्या दुकानी गेलो. त्याची गाडी माझ्याच शब्दावर घेतलेली, माझ्यापेक्षा अधिक चाललेली, आणि तो तर बावीस तारखेची वाट पाहत बसलेला. त्याला काही न सांगता मी त्याच्या पुढच्या चाकाशी उकिडवा बसलो. अजून चांगली नक्षी होती. मागे पाहिले, तेवढीच. आतली कडाही तशीच. तो बाहेर येऊन माझ्याकडे पाहत उभा होता. म्हणाला, ‘काय बघताय अण्णा? मालाच्या गाडीची चाकं फिरवतो त्या दिवशी हिचीही फिरवून घेतो. ड्रायव्हरच सांगतो आमचा.’ तेव्हा मी उठलो आणि त्याला माझे बिल दाखवले. त्याने आधी टक्केवारी वाचली, मग तारीख, आणि मग तो प्रश्न विचारला जो मी सुरुवातीला लिहिला आहे. कासेगावची हकीकत ऐकल्यावर त्याने हिशेबाचा विषय काढला नाही. मला चहा पाजला. त्याने स्वतःचे टायर २२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या मुहूर्तावर, अठरा टक्क्यांनी घेतले. त्याच्या जवळ थांबण्याइतकी नक्षी शिल्लक होती.

वही मी अजून ठेवतो. नव्या टायरांवर पहिल्या आठवड्यात एका युनिटला ६.४ किलोमीटर पडले आणि माझा जीव कासावीस झाला. दीड हजार किलोमीटरनंतर तो आकडा ६.६ वर स्थिरावला. म्हणजे पूर्ण चार्जवर सुमारे पंधरा किलोमीटर कमी, आणि वर्षाच्या विजेत हजार रुपयांच्या आत वाढ. यातला काही भाग तर मुळातच खोटा जमाखर्च होता. आमच्या चाकाचा व्यास सुमारे ६६४ मिलिमीटर. नक्षी सहा मिलिमीटर झिजली की व्यास बाराने घटतो, म्हणजे जवळजवळ पावणेदोन टक्के. लहान चाकाला तेवढेच अंतर कापायला अधिक फेरे घ्यावे लागतात, आणि गाडी फेऱ्यांवरूनच किलोमीटर मोजते. प्रत्यक्षात फरक याहून कमी पडत असेल, पण झिजलेल्या टायरवर मी मोजलेले काही किलोमीटर कधी चाललोच नव्हतो. नव्या वहीत मी एक स्तंभ वाढवला आहे. पहिले टायर अडतीस हजार किलोमीटर चालले. आजच्या बिलाने पाहता तो खर्च किलोमीटरला सुमारे ९४ पैसे पडतो. सव्वा रुपयाच्या विजेचा डंका पिटताना हे ९४ पैसे मी चार वर्षे लिहिलेच नव्हते. वेळेवर चाके फिरवली असती तर ते कमी झाले असते. पुढच्या फेरबदलाचा आकडा आता वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिला आहे.

ऑक्टोबरात पुन्हा पुण्याला जाण्याचा योग आला. येताना कासेगावपाशी परतीचा पाऊस लागला. पिंपे त्याच जागी होती, पाणीही तसेच साचले होते. मी खूप आधीपासून वेग कमी करीत आणला आणि गाडी त्या पाण्यातून सरळ, शांतपणे बाहेर पडली. पत्नी खिडकीतून पाहत होती. पाणी मागे पडल्यावर तिने विचारले, ‘हेच ना ते?’

‘हो,’ मी म्हणालो.